अंतर की वेग? पहिल्या ग्लायडर स्पर्धेला निघालेल्यांसाठी टास्क समजून घेण्याची वाट

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. त्याच्या स्पर्धेत नव्याने येणारा पायलट बहुतेक वेळा बॅजची, म्हणजे ठरावीक अंतर कापून पदक मिळवण्याची उड्डाणं करून आलेला असतो. सिल्व्हरसाठी ५० किलोमीटर, गोल्डसाठी ३००, डायमंडसाठी ५००. त्यात वेळेचा हिशेब नसतो. ३०० किलोमीटर चार तासांत करा नाहीतर आठ तासांत, बॅज तोच. त्यामुळे एक सवय अंगात मुरते: उंच राहायचं, मिळेल तो थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत) घ्यायचा, जोखीम टाळायची आणि संध्याकाळपर्यंत हवेत टिकायचं.

स्पर्धेत ही सवय कधी तारते, कधी बुडवते. घोळ होतो तो इथेच, कारण टास्कच्या, म्हणजे त्या दिवशी उडायला दिलेल्या मार्गाच्या, कागदावर वेगाची शर्यत लिहिलेली असली तरी गुण मोजताना अंतर आणि वेग दोन्ही मोजले जातात, आणि कशाला किती वजन हे त्या दिवशी किती जण परत आले यावर ठरतं. सकाळी कागद हातात पडतो तेव्हा हे कोणालाच ठाऊक नसतं. ते उडता उडता ओळखावं लागतं.

१. टास्क कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा

आजच्या स्पर्धांत प्रामुख्याने दोन प्रकार भेटतात.

पहिला रेसिंग टास्क. टर्नपॉइंट, म्हणजे जिथे जाऊन वळायचं त्या जागा, ठरलेले, क्रम ठरलेला, अंतर सगळ्यांना सारखं. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक टर्नपॉइंटभोवती ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ असतं, त्याच्या आत रेकॉर्डरची (उड्डाणाचा मार्ग नोंदवणाऱ्या यंत्राची) एक नोंद पडली की काम झालं. कमी वेळात फिरून येणारा जिंकतो.

दुसरा असाइन्ड एरिया टास्क, म्हणजे सगळे म्हणतात तो एएटी. इथे टर्नपॉइंटऐवजी मोठी क्षेत्रं दिलेली असतात आणि एक किमान वेळ दिलेला असतो, समजा तीन तास. क्षेत्रात किती खोल जाऊन वळायचं ते तुम्ही ठरवता. म्हणजे अंतर तुमचं तुम्ही निवडता, पण मोजला जातो वेग. नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत याच टास्कमध्ये होते, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

याशिवाय देशोदेशीचे प्रकार आहेत. अमेरिकेत एक टास्क असा असतो की सुरुवातीचे एक-दोन टर्नपॉइंट ठरवून दिलेले आणि पुढचे यादीतून पायलटने निवडायचे. ब्रिटनमध्ये हँडिकॅपनुसार (ग्लायडर किती वेगवान आहे ते दाखवणाऱ्या आकड्यानुसार) प्रत्येक ग्लायडरच्या टर्नपॉइंटचं वर्तुळ लहान-मोठं करतात, म्हणजे मंद ग्लायडरला कमी अंतर कापावं लागतं. त्या टास्कच्या नावात अंतर हा शब्द आहे, पण ती शुद्ध वेगाची शर्यत आहे. नावावर जाऊ नका.

निव्वळ अंतराचे टास्क, म्हणजे जो सगळ्यात लांब जाईल तो पहिला, मोठ्या स्पर्धांतून जवळजवळ गेले. एके काळी जागतिक स्पर्धेत पायलट वाऱ्याबरोबर जमेल तितके दूर जायचे आणि ट्रेलर घेऊन मागे धावणारी मंडळी दुसऱ्या दिवशी कशीबशी परत पोचायची. ते वेड आता विक्रमांत उरलं आहे. हान्स-वेर्नर ग्रोस १९७२ मध्ये ल्यूबेकहून निघून सरळ रेषेत १४६० किलोमीटरवर बियारित्झला उतरला. क्लाउस ओलमानने २००३ मध्ये अँडीज पर्वताच्या लहरींवर तीन टर्नपॉइंट घेत ३००९ किलोमीटर केले. घरच्या विमानतळावरून उडून उड्डाणाची फाइल ऑनलाइन चढवायच्या स्पर्धांतही अंतराला मान आहे. सरावाला त्या उत्तम, पण त्यांची लय घेऊन रेसिंग टास्कला गेलात तर मागे पडाल.

२. गुण कसे पडतात ते एकदा कागदावर मांडून बघा

हा भाग लोक वगळतात. वगळू नका. आंतरराष्ट्रीय हजार गुणांच्या पद्धतीचं सूत्र दिसायला किचकट आहे, पण त्यातल्या चारच गोष्टी डोक्यात बसवायच्या आहेत.

एक, दिवस पूर्ण हजार गुणांचा व्हायला विजेत्याचं अंतर साधारण २५० किलोमीटर आणि वेळ तीन तास लागतो. त्याहून छोटा टास्क असेल तर दिवसाचे गुणच कमी.

दोन, गुणांचे दोन हिस्से पडतात, अंतराचा आणि वेगाचा. वेगाचा हिस्सा जास्तीत जास्त दोन तृतीयांश.

तीन, तो दोन तृतीयांशही पुरा मिळेल असं नाही. विजेत्याच्या दोन तृतीयांश वेगापेक्षा जास्त वेगाने किती जण घरी आले, त्या प्रमाणात तो आकसतो.

चार, तुमचा वेग विजेत्याच्या दोन तृतीयांश किंवा त्याहून कमी असेल तर वेगाचे गुण शून्य. वाटेत उतरलात तरीही शून्य.

आता आकडे घालू. टास्क ३०० किलोमीटरचा, विजेता ताशी १०० ने आला. दिवसाचे इतर गुणक बाजूला ठेवू.

चांगला दिवस, सगळे परतले, सगळे बऱ्या वेगाने. वेगाचे गुण ६६७, अंतराचे ३३३. ताशी ९० ने येणाऱ्याला मिळतात ८००. ताशी ७० ने येणाऱ्याला ४००. आणि जो शेवटच्या दहा किलोमीटरांसाठी कमी पडून २९० वर शेतात उतरला, त्याला ३२२.

वाईट दिवस, शंभरातले तीसच परतले. आता वेगाचे फक्त २००, अंतराचे ८००. ताशी ९० ने येणाऱ्याला ९४०. २९० वर उतरलेल्याला ७७३. दीडशेवर उतरलेल्याला ४००.

हे दोन परिच्छेद पुन्हा वाचा. चांगल्या दिवशी ताशी ७० ने रमतगमत घरी येणारा आणि शेतात बसलेला यांच्यात ७८ गुणांचा फरक आहे, तर ताशी ७० आणि ९० यांच्यात चारशेचा. म्हणजे त्या दिवशी भित्रेपणाची किंमत जवळजवळ शेतात उतरण्याइतकीच. वाईट दिवशी चित्र उलटं: मंद आलेल्याचं फारसं बिघडत नाही, आणि जो घाईत दीडशेवर खाली आला त्याचा आठवडा गेला. ‘कसंही करून घरी या’ हा सल्ला जुने लोक सरसकट देतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो ठीक आहे, गुणांच्या दृष्टीने अर्धाच खरा.

३. कागदपत्रं आणि सामान

यात लांबण लावण्यासारखं काही नाही, पण नोंदणीच्या टेबलावर यातलं एखादं नसलं की सकाळ वाया जाते.

पायलटचे कागद: ग्लायडरचा परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, आंतरराष्ट्रीय स्पर्धा असेल तर एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेचा स्पोर्टिंग लायसन्स, आणि आयोजकांनी मागितला असेल तर बॅजचा पुरावा.

ग्लायडरचे कागद: नोंदणी, एअरवर्दीनेसची (उड्डाणयोग्यतेची) कागदपत्रं, विमा, वजन आणि तोल यांचा तक्ता, पॅराशूटच्या पॅकिंगची नोंद, रेकॉर्डरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र.

सामान: मान्यताप्राप्त फ्लाइट रेकॉर्डर आणि शक्यतो एक जादाचा, टास्क दाखवणारा नेव्हिगेशन संगणक, बहुतेक ठिकाणी सक्तीचा असलेला फ्लार्म (टकरीचा इशारा देणारं यंत्र), चार्ज केलेल्या बॅटऱ्या, पाणी, टोपी, फोन. आणि ट्रेलर, ज्याचे टायर आणि दिवे घरीच तपासलेले आहेत. रिट्रीव्हला, म्हणजे शेतात उतरल्यावर तुम्हाला न्यायला, येणारा माणूस तुमचा ट्रेलर गाडीला जोडून बघून आलेला असावा. रात्री दहा वाजता अनोळखी शेताच्या कडेला ते शिकायचं नसतं.

टर्नपॉइंट आणि हवाई क्षेत्राच्या फाइली आयोजकांनी दिलेल्याच भरा. गेल्या वर्षीच्या फाइलीत तोच टर्नपॉइंट वेगळ्या जागी असू शकतो.

४. ब्रीफिंगला कागदावर काय टिपायचं

ब्रीफिंगमध्ये टास्क ए, बी आणि कधी सी असे पर्याय देतात. हवामान फिरलं की ग्रिडवर (उड्डाणासाठी लावलेल्या ग्लायडरच्या रांगेत) उभे असताना रेडिओवरून ‘आता बी’ अशी घोषणा होते. संगणकात ए तसाच राहिला आणि पायलट निघून गेला, हे दर स्पर्धेत कोणाचं तरी होतंच. तिन्ही टास्क आधीच भरून ठेवा आणि बदल झाला की शेजारच्या ग्लायडरच्या पायलटशी अंतराचा आकडा ताडून बघा. आकडा जुळला की टास्क जुळला.

टिपायच्या गोष्टी: स्टार्टची रेषा आणि तिच्या घोषणेची रेडिओ वारंवारिता, स्टार्टला उंचीची किंवा वेगाची मर्यादा आहे का, एएटी असेल तर किमान वेळ, फिनिशचं वर्तुळ आणि त्याची किमान उंची, उतरण्याची शेवटची वेळ, बंद हवाई क्षेत्रं. फिनिशची उंची समुद्रसपाटीपासून आहे की विमानतळापासून, हे विचारायला लाजू नका. बंद क्षेत्रात शिरलात तर आंतरराष्ट्रीय नियमांत तुम्ही तिथेच उतरलात असं धरतात. मग पुढचं सगळं उड्डाण फुकट.

५. स्टार्ट कधी घ्यायचा

टोने (ओढून नेणाऱ्या विमानाने) वर सोडल्यावर सगळे एकत्र घिरट्या घालतात. शेवटचा ग्लायडर वर गेला की साधारण २० ते ३० मिनिटांनी रेषा उघडते. उघडली म्हणजे निघायलाच हवं असं नाही, तुमचं घड्याळ तुम्ही रेषा ओलांडल्यावर सुरू होतं.

अंतराच्या उड्डाणात लवकर निघणं बरोबर, कारण पूर्ण दिवस वापरायचा असतो. वेगाच्या टास्कमध्ये दिवसाचे सगळ्यात जोमदार तीन तास वापरायचे असतात. मुरलेले पायलट म्हणूनच रेषेमागे थांबतात. शिवाय पुढे गेलेल्यांनी कुठे थर्मल पकडला ते त्यांना दिसतं. या थांबण्याच्या खेळात नवख्याने पडू नये असं माझं मत आहे. ते वाट बघतात कारण दिवस कधी मरणार याचा त्यांचा अंदाज पक्का असतो. तुम्ही किमान वेगाने टास्क केलात तर किती वाजता घरी याल ते मोजा, थर्मल बंद होण्याच्या अंदाजी वेळेआधी तासभर हातात ठेवा आणि त्या हिशेबाने निघा.

सेलप्लेन ग्राँ प्री या ग्लायडर शर्यतीचंही नाव तुमच्या कानावर येईल. फ्रान्समधल्या सेंट-ओबानला २००५ मध्ये तिची पहिली जागतिक फेरी झाली. तिथे सगळे एकाच वेळी स्टार्ट घेतात आणि आधी पोचेल तो पहिला. तिथे हा प्रश्नच मिटतो.

६. वेग कुठून येतो

नवख्याला वाटतं, वेग म्हणजे दोन थर्मलच्या मध्ये नाक खाली करून पळणं. गणित करून बघा. ३० किलोमीटरचा टप्पा ताशी १२० ने गेलात तर १५ मिनिटं, १४० ने गेलात तर जेमतेम १३. वाचली दोन मिनिटं, तीही जादा उंची घालवून. आता १००० मीटर चढा. सेकंदाला एक मीटरच्या थर्मलमध्ये जवळपास १७ मिनिटं लागतात, दोन मीटरच्या थर्मलमध्ये सव्वाआठच्या आसपास. एकाच चढाईत आठ मिनिटांचा फरक.

म्हणून पहिल्या स्पर्धेत लक्ष चढाईवर द्या. तीन गोष्टी पुरेत. कमजोर थर्मल सोडता आला पाहिजे: दिवसाची सरासरी दोन मीटर असेल आणि तुम्ही पुरेसे उंच असाल तर एक मीटरवर थांबू नका. दोन घिरट्यांत थर्मलचा गाभा सापडला नाही तर पुढे चला. आणि वर गेल्यावर थर्मल मंदावला की लगेच निघा. ढगाच्या तळाशी शेवटचे शंभर मीटर कमावण्याचा मोह बॅजच्या दिवसांपासून अंगात असतो.

कोणत्या वेगाने सरकायचं याचं उत्तर पॉल मॅकक्रेडीने दिलेलं आहे. हाच माणूस १९५६ मध्ये सेंट-याँला जगज्जेता झाला. पुढच्या थर्मलमध्ये जी चढाई अपेक्षित आहे ती संगणकात भरा, तो सरकण्याचा वेग सांगतो. पण भरायची ती पूर्ण चढाईची सरासरी, व्हॅरिओवर (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या यंत्रावर) क्षणभर दिसलेला मोठा आकडा नव्हे. शंका असेल तर थोडा कमीच आकडा ठेवा. त्याने वेगात फारसा फरक पडत नाही आणि पुढचा थर्मल शोधायला उंची उरते.

७. एएटी: क्षेत्रात किती खोल शिरायचं

नियम एका ओळीचा आहे. वेग म्हणजे कापलेलं अंतर भागिले लागलेला वेळ, पण वेळ किमान वेळेपेक्षा कमी असेल तर भागायचं किमान वेळेनेच.

समजा किमान वेळ तीन तास. तुम्ही ३०० किलोमीटर करून २ तास ५० मिनिटांत आलात. खरा वेग १०५.९, पण कागदावर पडतो १००. दहा मिनिटं हवेत फेकली. त्याऐवजी ३२५ किलोमीटर करून ३ तास ५ मिनिटांत आलात तर १०५.४. म्हणून किमान वेळेनंतर चार-पाच मिनिटांनी पोचणं हे लक्ष्य ठेवा. खूप उशिरा येण्याचीही गरज नाही. दिवस वाढता असेल तर थोडं लांबवा, मरत असेल तर नको.

सकाळीच करायचं काम: टास्कच्या कागदावर किमान, मधलं आणि कमाल अंतर दिलेलं असतं, उदाहरणार्थ २१०, ३००, ३९०. तुमचा नेहमीचा वेग प्रामाणिकपणे लिहा. समजा ताशी ८५. तीन तासांत २५५. म्हणजे प्रत्येक क्षेत्राच्या मध्यापर्यंत जायचा बेत तुमच्यासाठी नाही. नवखे मध्यबिंदूला टर्नपॉइंट समजून तिथवर जातात, कारण संगणक बाण तिकडेच दाखवतो. तो बाण फक्त सुरुवातीचा अंदाज आहे, हवं तसा सरकवा.

पहिल्या क्षेत्रात हवा चांगली असेल तर खोल जा, ढग वाळत असतील तर कडेला शिवून वळा. वेळेचा हिशेब शेवटच्या क्षेत्रात जुळवायचा. समजा तिथे पोचताना १ तास ५० मिनिटं झाली. उरला तास आणि १० मिनिटं. तिथून घर ७५ किलोमीटर. ताशी ८५ ने ७० मिनिटांत ९९ किलोमीटर होतात, म्हणजे २४ जादा. आत गेलेला प्रत्येक किलोमीटर परतही यावा लागतो, म्हणून १२ किलोमीटर आत. परतीला वारा समोरून असेल तर त्यातले दोन-तीन कमी करा. हे गणित सरळ उडताना करा, घिरट्या घालताना नाही, आणि तेही डोळे बाहेर ठेवून. थर्मलमध्ये आणखी दहा ग्लायडर असतात.

आत शिरताना दिशा महत्त्वाची. अंतर मागच्या वळणापासून या वळणापर्यंत आणि इथून पुढच्या वळणापर्यंत सरळ मोजतात. क्षेत्रात आडवं भटकलात तर पाच किलोमीटर उडूनही हिशेबात एखादाच वाढतो. या दोन्ही टोकांपासून दूर नेणारी दिशाच कामाची.

८. वेगाचा टास्क अंतराचा कधी होतो

सगळ्यात मोठं कौशल्य हेच, आणि ते अनुभवानेच येतं. खुणा मात्र सांगता येतात. ढगांचे तळ खाली येऊ लागणं, वरच्या पातळ ढगांनी ऊन झाकणं, ज्या थर्मलनी तासाभरापूर्वी दोन मीटर दिलं तिथे आता अर्धाच मिळणं, आणि पुढे गेलेले ग्लायडर खाली, एकाच जागी घुटमळताना दिसणं. यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या की डोक्यातला प्रश्न बदला. किती लवकर हा प्रश्न संपला, आता किती दूर. वर सांगितलेलं वाईट दिवसाचं गणित आठवा: इथून पुढे टिकून राहणाऱ्याला गुण आहेत. अर्ध्या मीटरचा थर्मल आता घ्या. संगणकातला अपेक्षित चढाईचा आकडा खाली आणा. पंखांत वजनासाठी भरलेलं पाणी असेल तर ते सोडायचा विचार करा. इतरांबरोबर राहा, चार ग्लायडर मिळून थर्मल लवकर सापडतो.

ऊन परत आलं की उलटा बदल तितक्याच चपळाईने करावा लागतो. बहुतेक नवखे एकदा घाबरले की दिवसभर घाबरलेलेच उडतात, आणि पुढे तास-दीड तास चांगली हवा असूनही अर्ध्या मीटरला चिकटून राहतात.

अंतर मोजण्याचीही एक मेख आहे. रेसिंग टास्कमध्ये वाटेत उतरलात तर त्या टप्प्याच्या लांबीतून तुमच्यापासून पुढच्या टर्नपॉइंटपर्यंतचं अंतर वजा होतं. म्हणून बाजूला छान ढग दिसला आणि तिकडे १५ किलोमीटर गेलात तर खात्यात फार थोडं जमा होतं. काही स्पर्धांत उतरल्याची जागा धरतात, काही ठिकाणी फाइलीतला सगळ्यात फायद्याचा बिंदू. स्थानिक नियम बघा. इंजिन असलेल्या ग्लायडरने हवेत इंजिन सुरू केलं की तिथेच उतरल्याचं धरतात.

आता शेतात उतरण्याबद्दल. ६०० मीटरवर उतरता येईल असा भाग नजरेत, ४५० वर एक शेत नक्की, ३०० वर सर्किट (उतरण्यापूर्वीचा ठरलेला फेरा) सुरू आणि त्यानंतर थर्मलचा विचार बंद. हे आकडे जमिनीपासूनचे आहेत, समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत. वाईट दिवशी सूत्राने अंतराचं वजन वाढवलं म्हणून शेवटचे दोन किलोमीटर झाडांच्या उंचीवरून काढायला जाऊ नका. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर ३०० किलोमीटरच्या टास्कमध्ये त्या दोन किलोमीटरचे पाच-सहा गुण होतात.

९. फायनल ग्लाइड आणि फिनिश

फायनल ग्लाइड म्हणजे शेवटच्या थर्मलमधून थेट घरापर्यंतची सरक. कागदावर ४० चा ग्लाइड (एक मीटर खाली येताना ४० मीटर पुढे) असलेल्या ग्लायडरने पहिल्या स्पर्धेत ३० धरावा: फिनिशच्या उंचीवर १००० मीटर असतील तर ३० किलोमीटर, तेही वारा शांत असेल तर. शेवटच्या थर्मलमध्ये संगणकाने ‘पोचता’ म्हटल्यावर आणखी २०० मीटर घ्या. सेकंदाला दोन मीटरच्या थर्मलमध्ये त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

फिनिशच्या वर्तुळाला किमान उंची असते आणि तिच्याखालून आलात तर दंड बसतो. पाणी सोडलं का, चाक बाहेर काढलं का, रेडिओवर अंतर सांगितलं का, हे वर्तुळाच्या आधीच उरका. वर्तुळानंतर पाच-सहा ग्लायडर एकाच धावपट्टीकडे येत असतात आणि सगळे थकलेले असतात.

१०. उतरल्यावर

रेकॉर्डर बंद करण्याआधी दोन मिनिटं थांबा. मग आयजीसी फाइल (रेकॉर्डरमधली उड्डाणाची नोंद) काढा आणि मुदतीत द्या. मुदत चुकली तर तिथेही दंड असतो. शेतात उतरला असाल तर पहिला फोन आयोजकांना, दुसरा तुमच्या माणसाला, आणि शेतमालक दिसला तर त्याच्याशी आधी बोला.

संध्याकाळी तात्पुरता निकाल लागतो. त्यात आधी तुमचा क्रमांक बघू नका. किती जण घरी आले आणि वेगाला किती गुण पडले ते बघा, मग विजेत्याची फाइल उघडून त्याच्या आणि तुमच्या चढाईची सरासरी शेजारी ठेवा. गुणांत काही चूक वाटली तर तक्रारीची मुदत बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच असते, तेव्हा फाइल त्याच रात्री तपासा.